शिक्षणाचा रकाना

क्लेमेंटी, सिंगापूर
९ जुलै २००६

प्रिय ऋता,

सात महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी माग असं मीच मला सांगते आहे. कारणं दहा सापडतील, खरं एकच. डिसेंबरात दिलेल्या जपानीच्या परीक्षेचा निकाल फेब्रुवारीत आला आणि दुसऱ्या पातळीत मी पुन्हा नापास झाले. तू वरच्या मजल्यावर राहत होतीस तेव्हा दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला शिकवलंस. चारुदत्तच्या बँकेनं तुम्हाला पुण्याला परत पाठवलं त्यालाही आता तीन वर्षं झाली, आणि मी अजून तिच्या खालच्या, तिसऱ्या पातळीवरच आहे. बोलते बरी. वाचताना अडते. हे तुला कसं कळवायचं, म्हणून कळवलंच नाही. ई-मेल करता आली असती. पण ई-मेलवर मी उगाच हसरी होते. कागदावर तसं जमत नाही.

आता रागाचं. आंग मो किओच्या कारखान्यात मला आठ वर्षं झाली. जपानी साहेब आणि भारतातले पुरवठादार यांच्या मधली खुर्ची माझी. चेन्नईचा माणूस ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला की प्रॉब्लेम आहे, हे साहेबांना मी सांगते. साहेब एकच प्रश्न तीनदा विचारतात तो संशयानं नव्हे, त्यांना तीन वरिष्ठांना वेगवेगळं कळवायचं असतं, हे चेन्नईला मी सांगते. या कामाला कागदावर नाव आहे ‘क्लार्क’. मे महिन्यात त्या कामासाठी मॅनेजरची जागा निघाली आणि अभय नावाचा सत्तावीस वर्षांचा मुलगा आला. त्याला काम शिकवायचं मी. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर विचारतो, “मॅडम, तुमची डिग्री कशात?”

“एम. ए. पाली.”

“पाली? भिंतीवरच्या?” आणि हसला. वर म्हणाला, “सॉरी हं, जोक होता.”

हा विनोद मी नागपूरला विद्यापीठात बावीस वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हाही मी गप्प बसले होते. या वेळी घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, ‘का गप्प बसलीस?’ आणि उत्तर न लिहिता पान उलटलं.

म्हणून हे पत्र. तांजोंग पागारला चार माणसांची एक जपानी सल्लागार कंपनी आहे. भारतात कारखाना काढू पाहणाऱ्या जपानी कंपन्यांना जागा, पुरवठादार, माणसं यांबद्दल सल्ला देते. त्यांना माणूस हवा आहे. माझं वय चव्वेचाळीस, डिग्री पालीची, जपानी अर्धंमुर्धं. घरी रवींद्र म्हणतात, “अर्ज तर करा. नाही म्हणतील, यापेक्षा जास्त काय होणार?” ते विद्यापीठात संशोधन करतात, त्यांना नकार पचवायची सवय आहे. मला नाही.

अडचण अशी की बायोडेटा जपानीत हवा आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला. हे लोक अक्षरावरून माणूस ओळखतात म्हणे. मसुदा तू करून देशील? माझी माहिती सोबत जोडली आहे. जे आहे ते लिही. कमी नको, जास्त नको.

तुझी,
संजीवनी

•

पुणे
२० जुलै २००६

प्रिय संजीवनी,

माफी कसली मागतेस! नापास झालीस म्हणून मी काय तुला कोपऱ्यात उभी करणार होते? माझ्या जपानीच्या वर्गातली पोरं दोन-दोनदा नापास होतात आणि वर पेढे मागतात.

त्या अभयचे कान उपटायला मी यायला हवं होतं. चारूला वाचून दाखवलं तर तो म्हणतो, “पण कन्सल्टिंगमध्ये पालीचं करणार काय ती?” त्याला म्हटलं, बँकेत बसून तू तुझ्या केमिस्ट्रीचं काय करतोस ते सांग आधी.

मसुदा सोबत आहे. आता नीट ऐक. काळ्या शाईचं पेन. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. एक रेघ चुकली की तो फॉर्म गेला, नवा घ्यायचा. शेवटच्या ओळीत चुकलं तरी हेच. म्हणून फॉर्म पंधरा-वीस आणून ठेव. फोटोत ओठ मिटलेले हवेत.

आणि सर्वांत महत्त्वाचं: जसंच्या तसं उतरव. स्वतःच्या मनानं एकही रेघ बदलू नकोस. तुझी शंकेखोर बुद्धी मला माहीत आहे. परीक्षेची पातळी खरी तीच लिहिली आहे, तिसरी. शिक्षणाचं मी नीट बसवलं आहे.

नोकरी तुला मिळणार. मला दिसतंय.

तुझी,
ऋता

•

क्लेमेंटी
१३ ऑगस्ट २००६

प्रिय ऋता,

अकरा फॉर्म लागले. चौथा पत्त्यात गेला, सातवा माझ्याच नावात. नववा शेवटच्या ओळीपर्यंत आला होता, तेवढ्यात राणीनं फ्रिजचं दार आपटलं. आमची लेक आता पंधरा वर्षांची आहे, तिच्याकडून साधं सॉरीही नाही. “मम्मी, जस्ट टाइप इट, लाह!” इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. अकराव्याच्या वेळी घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि श्वास रोखून लिहिला.

फॉर्म पाठवला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं! शुक्रवारी, पंचवीस तारखेला. हिगुची-सान नावाचे गृहस्थ कंपनीचे प्रमुख आहेत. फोनवर म्हणाले, “अक्षर काळजीपूर्वक काढलेलं आहे.” मी दिवसभर तेच वाक्य घोळवत होते.

एक विचारायचं आहे. शिक्षणाच्या रकान्यात विषयाची दोन अक्षरं आहेत. दुसरं ‘भाषा’, ते मला येतं. पहिलं येत नाही. कोशात अक्षर रेघांच्या संख्येवरून शोधायचं असतं, पण मोजताना चुकत असेन, सापडलं नाही. बिनचूक यावं म्हणून वहीत चाळीस वेळा गिरवलं आणि तरी ते मला वाचता येत नाही, हे जरा विचित्र वाटतं. ते पालीचंच ना? मुलाखतीत विचारलं तर माहीत असावं.

तुझी,
संजीवनी

•

पुणे
२१ ऑगस्ट २००६

प्रिय संजीवनी,

बघ! सांगितलं होतं की नाही?

अगं, त्या अक्षराचं काय घेऊन बसलीस? जुन्या वळणाचं आहे, शिष्टाचारात तसं लिहितात. बावीस वर्षांपूर्वीच्या डिग्रीबद्दल मुलाखतीत कुणी विचारत नसतं. कारखान्यातलं काम सांग, चेन्नईचा किस्सा सांग. आत गेल्यावर आधी वाकायचं, सांगितल्याशिवाय बसायचं नाही, चहा आला तर ते प्यायल्यावर प्यायचा. निळी साडी नेस, कॉटनची नको, चुरगळते.

घाईत आहे, संध्याकाळच्या बॅचची मुलं आली. पत्र स्पीडपोस्टनं टाकते, मुलाखतीआधी पोचलं तर बरं.

तुझी,
ऋता

•

क्लेमेंटी
२ सप्टेंबर २००६

ऋता,

तुझं पत्र मुलाखतीआधी पोचलं. न पोचतं तर बरं झालं असतं. निदान तू खोटं बोललीस हे मला लेखी मिळालं नसतं.

आठवडाभर लिहिलं नाही, कारण रागात लिहिलेलं मी नंतर फाडते आणि हे मला फाडायचं नव्हतं. घडलं तसं सांगते.

हिगुची-सान साठीचे असतील. बारीक, पांढरे केस, हळू बोलणारे, माझ्यासाठी आणखी हळू. अर्धा तास कामाचं बोललो. चेन्नईचं ऐकून ते तोंडावर हात ठेवून हसले. मला वाटलं, झालं, जमलं. मग त्यांनी माझा फॉर्म समोर ओढला आणि शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे वाचून मी तुम्हाला बोलावलं. संस्कृत.”

तो शब्द त्यांनी आधी जपानीत म्हटला, मग इंग्रजीत. ऐकण्यात चूक व्हायला जागाच नव्हती. त्यांच्या बोटाखाली मी चाळीस वेळा गिरवलेलं अक्षर होतं.

मग त्यांनी खिशातून एक फोटो काढला. त्यांच्या वडिलांचं थडगं. मागं उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांवर शाईनं अक्षरं. “हे संस्कृत आहे, असं सगळे सांगतात,” ते म्हणाले. “मंदिरातल्या भिक्षूंना विचारलं, ते म्हणाले, पवित्र आहे. पण काय आहे ते त्यांनाही सांगता येईना. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही वाचाल?”

ऋता, त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं हे कुणी मला शिकवायची गरज नाही. ‘मला संस्कृत येत नाही. माझी डिग्री पालीची आहे. हा फॉर्म चुकीचा आहे.’ तिन्ही वाक्यं मला जपानीत येतात. तिसऱ्या पातळीची आहेत.

मी म्हटलं, “होय. सवडीनं वाचते.”

आणि फोटो पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी नेमणुकीचं पत्र आलं, २ ऑक्टोबरपासून. बुधवारी मी कारखान्यात राजीनामा दिला. अभयनं केक आणला होता. हे सगळं मी माहीत असूनही केलं. रोजनिशीत मी रोज स्वतःला विचारते, पाच दिवस तू नेमकी कशाची वाट पाहत होतीस?

पण आधी तुझं. मी लिहिलं होतं, जे आहे ते लिही. मी तुला सरळ विचारलं होतं, पालीचंच ना? तू म्हणालीस, जुन्या वळणाचं आहे. माझ्या हातानं माझ्याबद्दल खोटं लिहून घेतलंस, आणि मला वाचता येणार नाही अशा अक्षरात. मला काय येतं आणि काय येत नाही हे जगात सर्वांत नीट तुला माहीत आहे, कारण ते तूच शिकवलंस. त्याचाच उपयोग केलास.

का?

संजीवनी

•

पुणे
११ सप्टेंबर २००६

प्रिय संजीवनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. राग आलाय, येऊ दे. मलाही आलाय, म्हणून मीही सरळ लिहिते.

नोकरी मिळाली की नाही? ज्या ओळीवरून भांडते आहेस त्या ओळीनंच तुला आत नेलं, हे तूच लिहिलं आहेस. पाली लिहिलं असतं तर तो फॉर्म दुसऱ्या गठ्ठ्यात गेला असता. संस्कृत जगात सगळ्यांना माहीत आहे. आणि दोन्ही भाषांत असा काय मोठा फरक आहे? तू थोडं वाचलंस तर तुला येईलच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन दिवस बस, थडग्यावरची अक्षरं शोध, त्यांना सांगून टाक. म्हातारा खूश. कुणाचं काय बिघडलं?

का विचारतेस, तर ऐक. त्या कंपनीचं निम्मं काम पुण्याकडे आहे. उद्या तू त्यांच्याबरोबर चाकणला येशील, इथल्या कारखानदारांसमोर बसशील. हिगुचीला काही कळत नाही, पण इथल्या माणसांना नागपूर आणि पाली एवढे दोन शब्द पुरतात. ते काय बोलतात हे मी आमच्याच दिवाणखान्यात ऐकलं आहे. तुला ते ऐकावं लागू नये एवढंच मला वाटलं. यात माझा काय स्वार्थ होता?

मी तसल्या विचारांची नाही, हे तुला माहीत आहे. चार वर्षं तुझ्या घरी जेवले मी. तुझ्या हातची भाकरी, सावजी मटण, सगळं.

आणि एक. मी फक्त अक्षर लिहिलं. ‘होय’ तू म्हणालीस.

ऋता

•

क्लेमेंटी
२४ सप्टेंबर २००६, रविवार

ऋता,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं आहे. त्याच्यापासून सुरुवात करते, म्हणजे पुढचं सगळं मी स्वतःला सोडून लिहिते आहे असं तुला म्हणता येणार नाही. ‘होय’ माझं. पहिले तीन सेकंद घाबरून, त्यानंतरचे तीस दिवस समजून-उमजून. त्याचा दोष मी तुझ्या नावावर टाकणार नाही.

आता बाकीचं.

तू जेवलीस. चार वर्षांत किती वेळा जेवलीस ते मला सांगता येणार नाही, माझ्या लक्षात राहिलं नाही. शनिवारी तू यायचीस, मी दोन भाकऱ्या जास्त टाकायचे, बस. तू मात्र ते जपून ठेवलंस. कधीतरी दाखवायला उपयोगी पडेल म्हणून, जसं अर्जाला प्रमाणपत्र जोडतात. ते वाक्य वाचलं आणि त्या टेबलाशी मला दोन दिवस बसवेना.

तू म्हणतेस, हिगुचींना काही कळत नाही. बरोबर. पाली म्हटलं असतं तर त्यांना एक भाषा कळली असती, एवढंच. त्या खोलीत, त्या टेबलाशी, त्या शब्दाचा दुसरा अर्थ लावणारं कुणीही नव्हतं. ऋता, माझ्या आयुष्यात अशा जागा फार थोड्या आल्या. त्यातल्या एका जागी तू पुण्याहून पोस्टानं तुमचा दिवाणखाना पाठवलास. तिथं जे बोललं जातं ते ऐकून तू त्या माणसांना काय म्हणालीस? हे तू लिहिलं नाहीस. त्यांना गप्प करण्यापेक्षा माझी डिग्री बदलणं तुला सोपं वाटलं.

माझे वडील दादाराव तुला आठवत असतील, २००१ च्या दिवाळीत आले होते. तू त्यांना चहा दिलास आणि ते उठून उभे राहिले होते. नागपूरच्या गिरणीत त्यांची नोकरी झाली. दीक्षेनंतर वंदना पाठ झाली, पण शब्दाशब्दाचा अर्थ सांगणारं वस्तीत कुणी नव्हतं. म्हणून म्हणायचे, “आपल्या घरातल्या एकीनं तरी हे अर्थासकट शिकायचं.” मी त्यांना अर्थ सांगायचे आणि ते पाटीवर लिहून घ्यायचे. असा हा रकाना आहे. तो मी चाळीस वेळा गिरवून खोडला.

तुझं एक मी ऐकलं. ग्रंथालयात गेले. रवींद्रनी नेलं. दोन दिवस लागलेच नाहीत, एक दुपार पुरली. फळीवरची अक्षरं आपल्या नागरीची जुनी चुलत भावंडं आहेत. पाच आहेत, आणि वरून खाली वाचायची. ख, ह, र, व, अ. आकाश, वारा, अग्नी, पाणी, माती. माणूस ज्यांत मिसळतो ती पाच. वाचता आली तेव्हा मला इतका आनंद झाला की ग्रंथालयात तोंडावर हात ठेवावा लागला. आणि लगेच कळलं की आता खोटं चालून जाईल. सोमवारी जाऊन रुबाबात वाचून दाखवायचं, हिगुची-सान वाकून आभार मानतील, आणि पुढची पंधरा वर्षं मी संस्कृतची एम. ए. म्हणून वावरायचं. चाकणला गेल्यावर तर फारच सोयीचं. तू सगळं बरोबर जुळवलं होतंस.

परत आल्यावर राणीला सांगितलं. ती म्हणाली, “सो व्हॉट, लाह? एव्हरीबडी पुट्स अ बिट एक्स्ट्रा.”

“एक्स्ट्रा नाही घातलं,” मी म्हटलं. “माझं काढून दुसऱ्याचं घातलं.”

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “मम्मी, व्हॉट ईज पाली, अ‍ॅक्चुअली?”

पंधरा वर्षांची मुलगी. दर पौर्णिमेला माझ्याशेजारी हात जोडून वंदना म्हणते, आणि ती कुठल्या भाषेत म्हणते हे तिला माहीत नाही. अभयवर मी चिडले, तुझ्यावर चिडले. हिला मी का सांगितलं नाही? भाषा मीच घरात लपवून ठेवली होती की काय, हा प्रश्न रोजनिशीत उघडा आहे. काल पहिल्या दोन ओळींचा अर्थ तिला सांगितला. ती म्हणाली, “ओके, नॉट बॅड.” तिच्याकडून हे खूप झालं.

आज सकाळी बारावा फॉर्म लिहिला. मसुदा कुणाचाच नाही. मला येणारी अक्षरं मोजकी, म्हणून वाक्यं आखूड आहेत, दोन ठिकाणी व्याकरण चुकलेलं असेल. ‘पाली’ मी साध्या लिपीत लिहिलं, परदेशी शब्द लिहितात ती. पहिल्या शनिवारी तू मला तीच शिकवली होतीस. ते उपकार मी विसरलेले नाही, आणि विसरता येत नाही याचाही राग येतो. सोबत एका कागदावर पाच अक्षरं, त्यांचे अर्थ आणि पुस्तकाचं नाव लिहिलं आहे. शेवटी, ‘हे मला येत नव्हतं. पुस्तकात पाहिलं. त्या दिवशी मी होय म्हणाले ते खोटं होतं.’

फॉर्म तुला तपासायला पाठवत नाही.

काय होईल ते मला दिसत आहे. कारखान्यातला माझा शेवटचा दिवस शुक्रवारी आहे, तिथं परत जाता येणार नाही. इथं ते फॉर्म घेतील, वाकतील, आणि दोन दिवसांनी अत्यंत सभ्य भाषेत नकार येईल. किंवा येणार नाही. रवींद्र म्हणतात, “नाही म्हणतील, यापेक्षा जास्त काय होणार?” या वेळी त्यांचा आवाज तितका हलका नव्हता.

तुला उत्तर लिहायचं असेल तर तुमच्या दिवाणखान्यात पुढच्या खेपेला ते बोलणं निघेल तेव्हा तू काय म्हणालीस, ते लिही. दुसरं काही नको. चाकणला मी आलेच, तर माझ्या डिग्रीचं नाव मी स्वतः सांगेन.

रोजनिशीच्या पानाखाली दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. तू हसायचीस. आजचं लिहून झालं आहे, तेच इथं उतरवते.

उद्या: साडेआठला हिगुची-सान कंपनीचं दार उघडतात, तेव्हा त्यांच्या वडिलांचा फोटो आणि बारावा फॉर्म त्यांच्या हातात देणे.

संजीवनी